पात्रवर्णनाला पूर्वसंमती : कोठे हवी, कोठे नको

संगणकावरील खेळ म्हटले की बंदुका, मोटारी आणि धावपळ एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु या खेळांची एक शाखा अशी आहे की जिच्यात आरंभी चित्र नव्हतेच, केवळ शब्द होते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ रचावयास घेतला आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे विकसित केला. तुम्ही कोठे आहात, समोर कोण उभे आहे, हे सारे पडद्यावर अक्षरांतच उमटत असे. याच वाटेने पुढे असे खेळ जन्मास आले की ज्यांत खेळाडू एक पात्र धारण करतो, त्याचे रूप, वेश व पूर्वायुष्य स्वतः लिहितो आणि ते लेखन इतर सर्वांना वाचावे लागते. हे वर्णन खेळात दाखल होण्यापूर्वी संचालकांनी तपासून संमत करावे काय, हा प्रश्न तेव्हापासून चर्चिला जात आहे. वरकरणी तो फावल्या वेळातला वाद वाटेल. पण ज्यांच्या घरातील मुले सायंकाळचे दोन-तीन तास अशा जगात घालवितात, त्यांनी तरी तो तसा समजू नये.

१९९३ सालची एक घटना या क्षेत्रात वारंवार उद्धृत केली जाते. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये 'लॅम्डामू' नावाचे शब्दमय जग उभारले होते. तेथे आपल्या पात्राचे वर्णन कोणीही, कसेही लिहावे, अशी मोकळीक होती. 'मिस्टर बंगल' असे नाव घेतलेल्या एका खेळाडूने एका रात्री भर दिवाणखान्यात, इतरांची पात्रे जणू स्वतःहून करीत आहेत असे भासवून, त्यांच्या नावावर अत्यंत किळसवाणी लैंगिक कृत्ये अक्षरांतून घडवून आणली. कोणाच्या अंगाला बोट लागले नव्हते. तरीही त्या स्त्री-खेळाडूंना झालेला मनस्ताप खरा होता. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्यावर लिहिलेला लेख आजही अभ्यासकांना वाचावा लागतो.

या प्रकरणातील एका बारकाव्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. त्या विदूषकी पात्राचे वर्णनच मुळात बीभत्स होते. त्याच्या वेशात आणि पट्ट्यावरील मजकुरात स्त्रीजातीविषयीची विकृती उघड दिसत होती. ते वर्णन कितीतरी जणांनी वाचले असेल, पण वाचून थांबविणे हे कोणाचेच काम नव्हते. अर्थात, वर्णन तपासले असते तर पुढचा प्रकार टळलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तो घडला एका वेगळ्या साधनामुळे, इतरांच्या तोंडी कृती घालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममुळे. ते पात्र पुसून टाकल्यावर तोच मनुष्य दुसऱ्या नावाने परत आला, असेही डिबेल यांनी नोंदविले आहे. सभ्य वर्णन लिहून असभ्य वागणारे महाभाग सर्वत्र असतात. पूर्वसंमतीकडून अपेक्षा ठेवावयाची ती एवढ्या मर्यादेतच.

मग ती हवी कोठे? आमच्या मते कसोटी एकच आहे. एकाने लिहिलेले वर्णन दुसऱ्यावर न मागता येऊन आदळते काय, आणि ते त्या सामायिक जगाचे वास्तव बनते काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर तपासणी आवश्यक, एरवी नाही.

१९९१ साली सुरू झालेला 'आर्मागेडन' हा शब्दाधिष्ठित खेळ पाहा. त्यात समोरच्या पात्राचे नाव दिसतच नाही. दिसते ते त्याचे एका ओळीचे वर्णन. बाजारात कोणी उभा असेल तर 'उंच, रापलेल्या चेहऱ्याचा मनुष्य' एवढेच कळते, नाव ओळख झाल्यावर. म्हणजे वर्णन हाच तेथे चेहरा. शिवाय पात्र मेले की कायमचे मेले, तेथे पुनर्जन्म नाही. अशा जगात कोणी वाळवंटी नगरातल्या आपल्या पात्राच्या डोळ्यांवर काळा गॉगल चढविला, तर त्याच्यासकट सर्वांचाच खेळ मोडतो. म्हणून तेथे पात्र व त्याची पार्श्वभूमी संचालकांना पाठवावी लागते आणि संमती मिळाल्यावरच प्रवेश होतो. ही व्यवस्था आम्हांस रास्त वाटते.

तपासावयाचे काय, हा खरा कळीचा मुद्दा. नवखे खेळाडू हमखास एक चूक करतात. 'त्याच्या डोळ्यांत पाहताच तुम्ही भयाने थरथर कापू लागता' असे कोणी लिहिले, तर त्याने स्वतःचे वर्णन केलेले नसून माझ्या मनाचा ताबा घेतलेला असतो. मी भ्यावयाचे की हसावयाचे, हे ठरविणारा तो कोण? 'डोळे तांबारलेले, नजर रोखलेली' एवढेच लिहावे. कापावयाचे की नाही ते पाहणारा पाहील. लॅम्डामूमध्ये जे घडले ते याच प्रवृत्तीचे उग्र रूप होते. दुसऱ्याच्या पात्रावरचा त्याचा हक्क काढून घेणे हा दोहोंतला समान दोष आहे. तपासनीसाने प्रथम हेच पाहावे. त्यापुढे, वर्णन त्या जगात संभवते काय, आणि अल्पवयीन पात्राला लैंगिक रंग दिलेला नाही ना, हे पाहावे. शेवटच्या बाबतीत तडजोड नाही.

आता उलट बाजू. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये चेहरा, केस, बांधा हे सारे कंपनीने दिलेल्या पर्यायांतून निवडावे लागते. सविस्तर वर्णन लिहिण्याची हौस असणारे 'टोटल आरपी'सारखी जोड-प्रणाली वापरतात आणि ज्याने ती स्वतः बसविली त्यालाच ते वर्णन दिसते. येथे पूर्वसंमतीचा आग्रह म्हणजे दोघांच्या खासगी पत्रव्यवहारावर टपालखात्याने शिक्का मारण्यासारखे होईल. तक्रार आली तर कारवाई व्हावी, एवढे पुरे. याउलट 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वर आधारलेले जे भूमिका-सर्व्हर आज आपल्याकडील तरुणांतही लोकप्रिय आहेत, त्यांतील अनेकांत प्रवेशासाठी पात्राची कथा लिहून अर्ज करावा लागतो. गुन्हेगारी हाच जेथे कथेचा गाभा, तेथे आत कोण आणि काय घेऊन येतो हे पाहिलेच पाहिजे.

परंतु तपासणारे कोण? बहुधा जुने खेळाडूच, बिनपगारी. त्यांच्या हाती अधिकार आला की आवडनिवड, कंपूगिरी आणि दिरंगाई ओघाने येतेच. आपल्याला हा अनुभव नवा नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'चे प्रयोग अडविले गेले, तेव्हा कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्या नाटकाविषयी कोणाचे मत काहीही असो. दाद मागण्यास न्यायालय होते, ही गोष्ट महत्त्वाची. खेळाच्या संचालकाने अर्ज फेटाळला तर खेळाडूने जावे कोठे?

आणि भाषेचे काय? हे खेळ मुख्यतः इंग्रजीत चालतात. नाशिकचा किंवा सांगलीचा मुलगा आपल्या इंग्रजीत वर्णन लिहितो. त्यातील क्रियापद चुकले म्हणून पात्र नाकारले, तर तो अन्याय आहे. व्याकरणाची परीक्षा घ्यावयाची नाही, अर्थ कळला की झाले. तपासणी यंत्राकडे सोपविली म्हणजे प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांनी १९९६ सालची हकीकत आठवावी. स्कन्थॉर्प या इंग्लंडमधील गावाच्या स्पेलिंगमध्ये एक शिवी दडलेली असल्यामुळे 'एओएल'च्या गाळणीने तेथील रहिवाशांना खाती उघडू दिली नाहीत. हाच न्याय लावला तर आपले दीक्षित रोमन लिपीत लिहिताच दाराबाहेर! यंत्राने संशय दाखवावा. निर्णय माणसाने द्यावा.

ऑनलाइन खेळांविषयी २०२५ साली केंद्राने कायदा केला आहे, मग आणखी काय हवे, असे कोणी म्हणेल. त्या कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरविली, हे स्वागतार्हच. पण मुलाच्या पात्रापुढे दुसऱ्या कोणी काय लिहून ठेवावे, याच्याशी तिचा संबंध नाही. ते काम खेळ चालविणाऱ्यांचेच आहे आणि शासनाने वर्णने वाचीत बसावे, असे आम्हीही म्हणणार नाही. संचालकांनी नियम आधी लिहून प्रसिद्ध करावेत, नकार देताना नेमके कोणते वाक्य खटकले ते सांगावे, दोन-तीन दिवसांत उत्तर द्यावे आणि फेरतपासणी पहिल्याच माणसाकडे देऊ नये. मुलाने एखाद्या सर्व्हरवर अर्ज भरावयास घेतला असेल, तर पालकांनी तो नियमांचा कागद त्याच्याकडून मागून घेऊन वाचावा. असा कागदच तेथे नसेल, तर अर्ज भरण्यापूर्वी तो का नाही, हे मुलाने संचालकांना विचारावे.