परदेशी भुंगेरा आणि गव्हाणीच्या फळ्या

दीर्घ खंडानंतर २००७ साली भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेत जाऊ लागला, त्यामागे ट्रॉम्बेचे परिश्रम होते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. आंब्याच्या कोयीत एक भुंगा दडून बसतो. फळ बाहेरून निर्दोष दिसते. अशा किडी आपल्या देशात शिरू नयेत यासाठी अमेरिकेने दार लावून घेतले होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात फळांना किमान ४०० ग्रे इतकी किरणांची मात्रा देण्यात आली, तेव्हा ते उघडले. या मात्रेने प्रत्येक किडा तत्काळ मरतो असे नाही. त्याचा वंश मात्र खुंटतो.

परक्यांच्या दारी जाणाऱ्या मालाविषयी आपण एवढे दक्ष, मग आपल्या दारी येणाऱ्या मालाचे काय? खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदरात यंत्रसामग्री लाकडी पेट्यांतून उतरते. अशाच पॅकिंगच्या लाकडातून आलेला आशियाई लांबशिंगी भुंगेरा १९९६ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात आढळला. त्याची अळी खोडाच्या आत बोगदे पाडते. वरून केलेली फवारणी तेथे पोहोचत नाही. हजारो झाडे तोडावी लागली. शिकागोत १९९८ मध्ये सापडलेल्या याच किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर व्हायला २००८ साल उजाडले.

दोष किड्याचा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कीटकांनाही सृष्टीच्या घडीत स्थान असल्याचे सांगितले आहे. त्याला सागरापार नेऊन सोडतो तो आपला व्यापार.

२००२ च्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार असे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावे किंवा त्यावर धुरी द्यावी लागते. मग त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची अक्षरे आणि उपचाराची खूण उमटते. ‘एचटी’ म्हणजे तापवलेले. नियम उत्तम आहे. परंतु प्रत्येक कंटेनर उघडून पाहणे कोणत्याही बंदराला शक्य नाही, आणि पेटी फुटून फळ्या भंगारात गेल्या की शिक्का पाहतो कोण?

तेथूनच त्या आपल्याकडे येतात. नाताळच्या गव्हाणीसाठी आपली तरुण मंडळी याच स्वस्त फळ्या आणतात (त्यांच्या काटकसरीचे मला कौतुकच आहे). यंदा घेताना शिक्का अवश्य पाहावा. फळीवर गोल छिद्रे व खाली ताजा भुसा दिसला तर ती आणू नये. प्रत्येक छिद्र परदेशी किड्याचे नसते, तरीही. आणलेल्या फळीत असे आढळल्यास ती प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून महापालिकेच्या उद्यान खात्याला कळवावे. आणि सण संपल्यावर उरलेले लाकूड चर्चच्या आवारात आंब्याखाली पावसाळ्यापर्यंत पडू देण्याची आपली जुनी सवय आधी मोडावी.