जुनी अॅम्बेसेडर, नवे इंजिन

जुन्या मोटारीचे इंजिन थकले म्हणजे मालकापुढे तीन वाटा उरतात. तेच इंजिन पुन्हा बांधून घ्यावे, गाडी मोडीत घालावी, किंवा त्याच गाडीच्या पुढच्या पिढीचे इंजिन मिळवून ते जुन्या सांगाड्यात बसवावे. यांपैकी पहिली वाट दिवसेंदिवस अरुंद होत चालली आहे, दुसरी सरकारला विशेष प्रिय आहे आणि तिसरी कायद्याने जवळजवळ बुजवून टाकली आहे. ही तिसरी वाट बंद ठेवण्यात शहाणपण किती आणि निव्वळ कारकुनी सोय किती, हे अॅम्बेसेडरच्या उदाहरणावरून चांगले पारखता येते.

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९५७ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ही गाडी बनविण्यास प्रारंभ केला आणि २०१४ मध्ये तेथील उत्पादन थांबले. या सत्तावन्न वर्षांत समोरची जाळी बदलली, दिवे बदलले. पण मंत्रालयाच्या आवारात उभी राहणारी ती गोलमटोल पांढरी आकृती अखेरपर्यंत ओळखू येण्याइतकी तशीच राहिली. खरा पालट झाला तो बॉनेटखाली. कित्येक दशके तेथे ब्रिटिश बनावटीच्या आराखड्याचे १४८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन होते. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच गाडीत जपानच्या इसुझु कंपनीच्या आराखड्याचे १८१७ घन सेंटिमीटरचे, सुमारे पंचाहत्तर अश्वशक्तीचे इंजिन आले आणि त्याच्या जोडीला पाच गिअरची पेटीही आली. एकाच कंपनीने, एकाच नावाच्या आणि बव्हंशी त्याच सांगाड्याच्या गाडीत ही दोन्ही इंजिने बसविली, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवली पाहिजे.

१९७० सालच्या गाडीचा मालक १९९३ चे इंजिन का शोधतो? केवळ वेगाच्या हौसेपोटी, असे उत्तर देणाऱ्याने पाच माणसे आणि सामान घेऊन जुन्या अॅम्बेसेडरमधून खंबाटकीचा घाट एकदा चढून पाहावा. परंतु याहून सबळ असेही एक कारण आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय अत्यंत योग्यच होता. मात्र जुन्या बिडाच्या सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कडेवर आदळतो, त्या कडेला इंधनातील शिशाचे संरक्षण मिळत असे. ते गेल्यावर भारी कामात ती कड हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत रुतत जातो आणि इंजिनाचा दाब कमी होतो. तेथे कठीण धातूचे कडे बसवून हा दोष दूर करता येतो. पण ते काम निगुतीने करणारे हात आणि त्याला लागणारे चांगले सुटे भाग आज गावोगावी मिळत नाहीत.

अर्थात हा बदल म्हणजे जुने इंजिन उचलून नवे ठेवणे इतका सोपा प्रकार नव्हे. इंजिनाचे माउंटिंग निराळ्या जागी येते. जुन्या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असे; नव्या पेटीचा दांडा जमिनीतून वर येतो, म्हणून मधला पत्रा कापावा लागतो. पेटीची लांबी बदलली की मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लहान-मोठा करून तोल साधून घ्यावा लागतो. तो तोल चुकला तर विशिष्ट वेगाला सारी गाडी थरथरू लागते. रेडिएटर, क्लचची जोडणी, सायलेन्सरची नळी, स्पीडोमीटरची केबल हे सगळे त्यामागोमाग येतेच. ज्याला मोडीत निघालेली एखादी पूर्ण गाडी मिळते, त्याचे काम पुष्कळ हलके होते. नुसते इंजिन विकत घेऊन बसलेल्याचे महिने एकेका कंसासाठी वणवण करण्यात जातात.

आणि तरीही ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक खर्च व्हायला हवा, तिच्याकडे पुष्कळदा कोणी पाहतच नाही. ती गोष्ट म्हणजे ब्रेक. जुन्या अॅम्बेसेडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि पन्नास अश्वशक्तीच्या गाडीला ते कसेबसे पुरत. ताशी साठ किलोमीटरऐवजी नव्वदने धावणारी गाडी थांबविताना दीडपट नव्हे, सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टनाहून अधिक वजनाच्या या गाडीला मोठे इंजिन देऊन ब्रेक जुनेच ठेवणारा मालक आणि ते मुकाट्याने बसवून देणारा गॅरेजवाला हे दोघेही सहानुभूतीस पात्र नाहीत. उत्तरकालीन अॅम्बेसेडरमध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले होते. इंजिनाबरोबर तेही आणलेच पाहिजेत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर. सी. बुकातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. १४८९ च्या जागी १८१७ आले की विसंगती उघड आहे. कारखान्याने पुढे त्याच गाडीत तेच इंजिन बसविले होते, हा युक्तिवाद त्या विशिष्ट गाडीच्या नोंदीपुढे टिकत नाही.

या कडकपणामागे काहीच तथ्य नाही असे नव्हे. चोरीच्या गाड्यांचा माग इंजिन आणि चासी यांच्या क्रमांकांवरूनच काढला जातो, आणि कोणीही कोणतेही इंजिन कशातही घालू लागला तर रस्त्यावर काय अनर्थ होईल हे सांगायला नको. पण याच कलमाचे परंतुक वाचले म्हणजे वाचक चकित होतो. इंधनाचा प्रकार बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्यास तेथे मुभा आहे आणि त्यात विजेच्या बॅटरीचाही समावेश आहे. म्हणजे असा संच उपलब्ध असेल तर जुन्या अॅम्बेसेडरचे इंजिन समूळ काढून तिला विजेवर चालविणे कायद्याला मान्य. तिच्याच धाकट्या भावंडाचे इंजिन बसविणे मात्र अमान्य! शिवाय किमान दहा परिवहन वाहने बाळगणाऱ्याला त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीवाचून बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. दहा गाड्यांचा धनी विश्वासास पात्र आणि एका गाडीचा मालक संशयास पात्र, असा याचा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष कसा द्यावा?

या बंदीचे फलित काय? बदल व्हायचे थांबलेले नाहीत. ते लपून होतात. आर. सी. बुकात जुना क्रमांक, बॉनेटखाली नवा, आणि विम्याच्या कागदावर भलतेच काही, अशा अवस्थेत गाडी धावत राहते. अपघात झाला तर भरपाईचा वाद उभा राहतो आणि त्यात ज्याचा या उद्योगाशी काडीचाही संबंध नव्हता असा पादचारी भरडला जातो. ब्रेक बदलले की नाहीत हे तपासण्याची संधी त्यामुळे कोणाही अधिकाऱ्याला मिळत नाही.

मूळ रूपाच्या आग्रही मंडळींचा आक्षेप वेगळ्या प्रकारचा आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले; त्यांत इंजिन वा सांगाडा मूलतः न बदललेला असावा, अशी अट आहे. ती अट रास्तच आहे. संग्रहातील गाडी तिच्या इंजिनासकट इतिहासाची साक्ष असते. परंतु विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शने व तत्सम प्रसंगांसाठीच बाहेर काढता येते, रोजच्या वापरासाठी नव्हे. ज्याला वडिलांची गाडी दर आठवड्याला चालवायची आहे, त्याला हे नियम काहीच देत नाहीत. जुने इंजिन तेल लावून, खोक्यात बंद करून जपून ठेवावे, एवढे त्याला अवश्य सांगावे.

आवश्यक आहे ती एक मर्यादित सवलत. ज्या उत्पादकाने जे इंजिन त्याच मॉडेलमध्ये कारखान्यातून बसवून विकले, तेवढेच इंजिन त्या मॉडेलच्या जुन्या गाडीत बसविण्यास पूर्वपरवानगीने मुभा असावी. इंजिन कोणत्या गाडीतून निघाले त्याचा कागद जोडावा, त्या गाडीची नोंदणी रद्द झालेली असावी, त्या इंजिनाबरोबर कारखान्याने दिलेले ब्रेकही बसविलेले असावेत आणि धुराची चाचणी इंजिनाच्या सालानुसार व्हावी, गाडीच्या नव्हे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने गाडी प्रत्यक्ष तपासून आर. सी. बुकात नवा क्रमांक चढवावा आणि विमा कंपनीला तसे कळवावे. पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. तेवढ्या पैशांत अशी एक तपासणी करून देणे सरकारला जड जाऊ नये. अॅम्बेसेडरचे उत्पादन बंद होऊन दशक लोटले आहे. इसुझु इंजिनाच्या गाड्याही आता मोडीत निघू लागल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर ती चालती इंजिनेही भंगाराच्या भावाने जात आहेत.