चित्रपटातील वर्णद्वेष आणि मीमांसेची निवड

वर्णद्वेषावरील एखाद्या चित्रपटाची चिकित्सा करावयास बसलेला अभ्यासक, मग तो महाविद्यालयातला विद्यार्थी असो वा वृत्तपत्रातला समीक्षक, बहुधा प्रथम ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्राकडेच धाव घेतो. वक्त्याचे शील, श्रोत्याची भावना आणि युक्तिवादाची संगती ही त्याने सांगितलेली तीन अंगे हाताशी तयार असतात, आणि ती लावून पाहिली म्हणजे काम उरकल्याचे समाधानही लाभते. ही निवड निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही. कोणते शास्त्र हाती घ्यावयाचे हे ठरविताना, चित्रपटात कोणाकडे पाहावयाचे आणि कोणाकडे पाठ फिरवावयाची, याचाही निर्णय आपण नकळत करून टाकीत असतो.

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या १९६२ सालच्या चित्रपटाला हे शास्त्र चपखल बसते, कारण त्याचा गाभाच एक खटला आहे: ग्रेगरी पेक यांनी साकारलेला ॲटिकस फिंच ज्यूरीसमोर टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णीयाची कैफियत मांडतो, आणि ज्यूरीने टॉमला दोषी ठरविले तरी प्रेक्षकाचे मन वळलेले असते. परंतु या पृथक्करणात सारा प्रकाश गोऱ्या वकिलावर पडतो; ज्याच्या जिवावर बेतले आहे तो टॉम वादाचा विषय होऊन राहतो.

आता स्पाइक ली यांचा ‘डू द राइट थिंग’ (१९८९) घ्या. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीतील एका रस्त्यावरचा, उन्हाने भाजून निघालेला एक दिवस एवढाच त्याचा विस्तार. वस्ती मुख्यतः काळ्या लोकांची, पण पिझ्झाचे दुकान सॅल या इटालियन-अमेरिकन गृहस्थाचे, आणि भिंतीवरच्या तसबिरी फक्त त्याच्याच वंशातील नामवंतांच्या. गिऱ्हाइके काळी असताना एकही तसबीर काळ्या माणसाची का नसावी, या सवालावरून ठिणगी पडते. रात्री सॅल रेडिओ रहीम या तरुणाचा भला मोठा टेपरेकॉर्डर बॅटने फोडतो, मारामारी जुंपते, पोलीस येतात, आणि त्यांतला एक जण रहीमच्या गळ्याला दंडुका लावून प्राण जाईपर्यंत तो आवळून धरतो. तेव्हा सॅलच्याच नोकरीतला मुकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो आणि जमाव दुकान पेटवून देतो. येथे वक्ता कोण मानावा? सारेच बोलतात आणि कोणाचेही मन वळत नाही. एका प्रसंगी तर काळा, इटालियन, प्वेर्तो रिकन, गोरा पोलीस आणि कोरियन दुकानदार असे पाच जण एकामागून एक कॅमेऱ्याकडे तोंड करून परक्या वंशाला शिव्यांची लाखोली वाहतात, आणि त्या शिव्या थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतात.

अशा चित्रपटासाठी मी केनेथ बर्क यांची मीमांसा निवडीन. ‘अ ग्रामर ऑफ मोटिव्ह्ज’ या १९४५ सालच्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की मानवी कृत्याचे पूर्ण वर्णन करावयाचे तर कृती, परिस्थिती, कर्ता, साधन आणि हेतू या पाचही अंगांचा जबाब द्यावा लागतो, आणि सांगणारा त्यांपैकी कोणाला प्राधान्य देतो यावरून त्याची स्वतःची भूमिका उघड होते. शाळेत कारकविचार शिकलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये. ती ली यांच्या चित्रपटाला लावून पाहू. तो प्रदर्शित झाला तेव्हा तो पाहून काळे तरुण दंगल करतील अशी भीती काही अमेरिकन समीक्षकांनी छापून व्यक्त केली. तशी दंगल झाली नाही. त्यांच्या लेखी काच फोडणे ही कृती, मुकी हा कर्ता आणि रहीमचा मृत्यू ही पार्श्वभूमी होती. मुकीने योग्य केले काय, हा प्रश्न आपल्याला गोरे प्रेक्षक वारंवार विचारतात, काळ्या प्रेक्षकाने तो कधी विचारला नाही, असे ली यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. कारण ज्याच्या दृष्टीने रहीमचा वध हीच मुख्य कृती, त्याला निवाडा दुसऱ्याच कर्त्याचा हवा असतो.

तथापि केवळ परिस्थितीवर भर देणारे विवेचन जडवादाकडे झुकते हे बर्क यांनीच दाखविले आहे, आणि उष्मा व दारिद्र्य यांचा दाखला देऊन मुकीला सोडावयाचे तर त्याच न्यायाने पोलीसही सुटेल, हे मला मान्य नाही. उन्हाने कोणाचा गळा आवळला नाही. म्हणून सहसा उपेक्षिले जाणारे ‘साधन’ हे अंग, म्हणजे येथे गळा आवळणारी पोलिसी पकड, मी पुढे आणीन. ली यांनी हा चित्रपट ज्या कुटुंबांना अर्पण केला, त्यांत १९८३ साली न्यूयॉर्क पोलिसांनी अटक केल्यानंतर मरण पावलेल्या मायकेल स्टुअर्टचे कुटुंब आहे. पुढे २०२० साली ‘थ्री ब्रदर्स’ या लघुपटात त्यांनी रहीमच्या मृत्यूच्या दृश्यात, पोलिसांच्या हातून मरण पावलेल्या एरिक गार्नर आणि जॉर्ज फ्लॉइड यांच्या अखेरच्या क्षणांचे चित्रण गुंफले. गळा आवळणाऱ्या पकडीला न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने १९९३ सालीच मनाई केली होती, आणि गार्नर मेला तो २०१४ साली. तेव्हा मनाईचा हुकूम दप्तरी असताना ती पकड चालू कशी राहिली, याची विचारणा चित्रपटाच्या अभ्यासकानेही केली पाहिजे.