शनिवार पाळणारे ख्रिस्ती आणि कॉन्स्टंटाईनच्या माथी मारलेला वाद (थ्रेड)

ख्रिस्ती धर्म आणि रविवार ही सांगड इतकी पक्की मानली जाते की, शनिवार पाळणारा ख्रिस्ती म्हटले की कोणातरी नव्या पंथाची टूम वाटते. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची. या पंथात शुक्रवारी सूर्य मावळला की कामकाज थांबते आणि शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत केवळ विश्रांती व उपासना चालते.

असे का, या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक : मूळचा वार शनिवारच होता, रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने तो इ.स. ३२१ मध्ये बदलला. दुसरे : हे सारे १९व्या शतकातील अमेरिकेचे खूळ आहे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी. या वादाचा सर्वांत रक्तरंजित अध्याय इथिओपियात घडला. त्याचा एक धागा थेट गोव्यात येऊन पोहोचतो, तरीही आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ होत नाही.

आधी मुळाकडे. ‘शब्बाथ’ या हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘थांबणे’ हा अर्थ आहे. सातव्या दिवशी विसावा घ्यावा ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि तिची कारणे दोन्ही ठिकाणी निरनिराळी आहेत. ‘निर्गम’ सांगते की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ सांगते की तुम्ही इजिप्तमध्ये दास होता हे विसरू नका आणि आपल्या दासदासींनाही विसावा द्या. (कोकणातील बेने इस्राएल तेल गाळण्याचा धंदा करीत, शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ग्रंथ हाती नसतानाही वार मात्र टिकून राहिला होता.)

येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदीच होते. शब्बाथ कसा पाळावा यावर येशूचे धर्मपंडितांशी खटके उडाले. तो कोणत्या वारी पाळावा हा प्रश्न त्या वादात कधीच नव्हता.

मग रविवार कुठून आला? आठवड्याच्या पहिल्या दिवशी येशूचे पुनरुत्थान झाले, ही श्रद्धा त्यामागे आहे. सुमारे इ.स. १५० मध्ये रोममध्ये लिहिणारा जस्टिन मार्टर ‘सूर्याच्या दिवशी’ भरणाऱ्या ख्रिस्ती सभेचे तपशीलवार वर्णन करतो. हे कॉन्स्टंटाईनच्या कायद्याआधी सुमारे १७० वर्षे. तेव्हा रविवारची उपासना सम्राटाने निर्माण केली, हा दावा टिकत नाही. त्याच्या कायद्याने न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांना ‘सूर्याच्या दिवशी’ विश्रांती दिली, शेतकऱ्यांना मात्र कामाची मुभा ठेवली. त्यात ख्रिस्ताचे नावही नाही. सम्राटाने दिली ती सुट्टी.

परंतु रविवार आला आणि शनिवार गेला, असेही घडले नाही. चौथ्या शतकात लाओदिकेया येथील धर्मसभेने नियम केला की ख्रिस्ती लोकांनी शब्बाथ पाळून ‘यहुदीपणा’ करू नये, त्या दिवशी काम करावे. जे कोणी करीतच नाही, त्यावर बंदी घालण्याची वेळ कोणत्याही सभेवर येत नाही. पुढच्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटीस (तत्त्वज्ञ सॉक्रेटीस वेगळा) तर नोंदवतो की जगातील जवळजवळ सर्व मंडळ्या शनिवारीही प्रभुभोजनाचा विधी करतात. अलेक्झांड्रिया आणि रोम मात्र करीत नाहीत. म्हणजे कित्येक पिढ्या दोन्ही वार शेजारी शेजारी नांदत होते.

शनिवार सुटण्यामागे यहुद्यांपासून अंतर राखण्याची धडपड किती होती? इ.स. ६६ ते ७० आणि १३२ ते १३५ या काळात यहुद्यांनी रोमविरुद्ध मोठे उठाव केले. त्यानंतर साम्राज्यात यहुदी म्हणून ओळखले जाणे सुखाचे राहिले नव्हते. सामुएले बाकिओकी या ॲडव्हेंटिस्ट अभ्यासकाने १९७७ साली, तेही रोममधील पोपच्या ग्रेगोरियन विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, रविवारची प्रथाच या वातावरणात रोममध्ये जन्मली असे मांडले. इतक्या टोकाचे विधान अनेक अभ्यासकांना मान्य नाही. लाओदिकेयाच्या नियमातील ‘यहुदीपणा’ हा शब्द मात्र पुसून टाकता येत नाही.

आता इथिओपिया. येथील प्राचीन चर्चचा प्रमुख धर्माध्यक्ष शतकानुशतके इजिप्तमधून, अलेक्झांड्रियाहून नेमून येई आणि अलेक्झांड्रियाला शनिवार मान्य नव्हता. १४व्या शतकात एवोस्तातेवोस या संन्याशाने शनिवार आणि रविवार दोन्ही पवित्र आहेत असा आग्रह धरला. त्याला देश सोडावा लागला आणि दूर आर्मेनियात त्याचे निधन झाले. त्याच्या अनुयायांना धर्मदीक्षा नाकारण्यात आली. तरी ते हटले नाहीत, आपले मठ उभारीत राहिले. अखेर १४५० साली सम्राट झारा याकोबने देब्रे मित्माक येथे धर्मसभा भरवली आणि तेथे इजिप्शियन धर्माध्यक्षांनीही दोन्ही वारांना संमती दिली. एका बहिष्कृत संन्याशाचे मत सुमारे शंभर वर्षांत राज्याचा धर्मनियम झाले.

मग पोर्तुगीज आले. त्यांच्यामागोमाग गोव्याहून जेझुइट धर्मप्रचारक आले. ज्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन शनिवार पाळणे ही छुप्या यहुदीपणाची खूण मानीत होते, त्या गोव्याच्या चष्म्यातून त्यांना इथिओपियाचा शनिवार कसा दिसला असेल हे सांगायला नको. सम्राट गलावदेवोसने १५५५ साली आपल्या श्रद्धेचे निवेदनच लिहिले. आम्ही शनिवार यहुद्यांप्रमाणे पाळत नाही, असे त्याचे उत्तर होते. ते त्या दिवशी पाणी भरत नाहीत, चूल पेटवत नाहीत. आम्ही त्या दिवशी प्रभुभोजन करतो आणि प्रेमभोजन घालतो.

१६२२ मध्ये सम्राट सुसेन्योसने उघडपणे कॅथलिक पंथ स्वीकारला. जुन्या चालीरीतींवर बंदी आली, त्यांत शनिवारही होता. पेट्रिआर्क म्हणून आलेल्या अफोन्सो मेंदेसने पुरोहितांना पुन्हा दीक्षा आणि लोकांना पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची सक्ती केली. उठावामागून उठाव झाले. १६३२ साली हजारो शेतकरी कापले गेल्यावर सुसेन्योसने जुना धर्म परत दिला आणि राज्य मुलाच्या, फासिलदसच्या, हाती सोपवले. जेझुइटांना देशाबाहेर घालवण्यात आले. मेंदेस शेवटी गोव्यात येऊन राहिला आणि तेथेच वारला. या उठावांचे कारण एकटा शनिवार होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ‘आमचा धर्म कोण ठरवणार’ हा प्रश्न सामान्य शेतकऱ्याला दर आठवड्याला त्याच वाराने विचारला जात होता.

याच सुमारास इंग्लंडमध्ये शनिवार वेगळ्याच वाटेने आला. प्युरिटन लोक रविवार पाळण्यासाठी दहा आज्ञांचाच आधार देत. छापील बायबल आता घरोघरी पोहोचत होते आणि वाचणाऱ्याला त्यात ‘सातवा दिवस’ दिसत होता. जॉन ट्रास्कने हा तर्क शेवटाला नेला. १६१८ साली त्याला फटके मारण्यात आले, त्याच्या कपाळावर डाग देण्यात आला आणि त्याने माघार घेतली. त्याची पत्नी डोरोथी मुलांना शिकवीत असे आणि शनिवारी शाळा बंद ठेवी. तिने माघार घेतली नाही. सुमारे पंधरा वर्षे ती तुरुंगात राहिली आणि तेथेच मेली. ट्रास्कचे नाव संदर्भग्रंथांत ठळक असते, डोरोथीचे त्याच्या आधाराने येते. वास्तविक क्रम उलटा हवा.

पुढची वाट सरळ आहे. इंग्लंडमधील सेव्हन्थ डे बॅप्टिस्टांनी हे मत अमेरिकेत नेले. १६७१ साली न्यूपोर्ट येथे त्यांची मंडळी स्थापन झाली. १८४४ च्या सुमारास रेचल ओक्स या बॅप्टिस्ट स्त्रीने ते ॲडव्हेंटिस्टांपर्यंत पोहोचवले आणि १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च औपचारिकपणे उभे राहिले. आज त्याचे सदस्य दोन कोटींहून अधिक आहेत. काही शब्बाथवादी लेखक प्रेषितांपासून आपल्यापर्यंत एक अखंड साखळी ओढून दाखवतात. तशी साखळी नाही. एवोस्तातेवोस आणि डोरोथी ट्रास्क यांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती, आणि म्हणूनच दोघांचे एकाच वाराशी येऊन पोहोचणे अधिक विलक्षण आहे.

वार ठरला तरी भांडण मिटतेच असे नाही. पॅसिफिकमधील सामोआ देशाने २०११ साली व्यापाराच्या सोयीसाठी आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि शुक्रवार, ३० डिसेंबर हा दिवसच दिनदर्शिकेतून वगळला. गुरुवारी रात्री झोपलेला देश शनिवारी जागा झाला. तेथील ॲडव्हेंटिस्ट चर्चने सात दिवसांची जुनी मोजणी कायम ठेवली. परिणामी सूर्य तोच, पण त्यांचा शब्बाथ आता रविवार म्हटल्या जाणाऱ्या दिवशी येतो. काहींना हे पटले नाही. ते वेगळे होऊन सरकारी दिनदर्शिकेतल्या शनिवारी जमतात.