पत्रिकेत नवरीचं नाव

गेल्या वर्षी शाबानच्या सुरुवातीला माझ्या भाचीच्या निकाहच्या पत्रिकेचं प्रूफ घरी आलं. वर सोनेरी बिस्मिल्लाह, खाली सुरेख नस्तालीकमध्ये उर्दू मजकूर. भाची मराठी माध्यमात शिकलेली. उर्दू ती अक्षर अक्षर जुळवत वाचते. बोट ठेवून तिनं दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "खाला, यात माझं नाव कुठंय?"

नव्हतंच. नवऱ्या मुलाचं पूर्ण नाव होतं, त्याच्या वडिलांचं होतं, दोन्हीकडच्या आजोबांची होती. 'चश्मबराह' म्हणून चौदा काका-मामूंची यादीही होती. भाचीच्या जागी मात्र 'नूरचश्मी', म्हणजे डोळ्यांचा उजेड, आणि पुढे 'दुख्तर-ए-नेकअख्तर', म्हणजे भाग्यवान लेक. "एवढं सगळं आहे मी," ती हसत म्हणाली, "फक्त नावानं नाही."

दूल्हाभाईंना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. प्रेसवाल्याकडे तयार मजकूर असतो, त्यात आपण नावं भरतो. त्यांच्या स्वतःच्या पत्रिकेतही माझ्या बहिणीचं नाव नव्हतं. भाचीच्या दादीनं तर कारणच सांगितलं. पत्रिका दारोदार जाते, मग कधीतरी रस्त्यावर पडते. घरच्या पोरीचं नाव लोकांच्या पायाखाली कशाला?

दादीची काळजी खोटी नाही. पण तीच पत्रिका रस्त्यावर पडली तर वरच्या सोनेरी बिस्मिल्लाहचं काय, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मुलीचं नाव जपायचं आणि अल्लाहचं नाव शेकड्यांनी छापून वाटायचं, हे काही जुळत नाही. शिवाय निकाहच्या वेळी साक्षीदारांसमोर तिचं नाव बापाच्या नावासह मोठ्यानं घेतलं जातं. निकाहनाम्यात ते लिहिलं जातं. हजरत खदीजा, हजरत आयशा, हजरत फातिमा ही नावं आपल्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ असतात. निकाह लपवू नये, जाहीर करावा, ही तर आपली शिकवण. मग कुणाचा निकाह, हे अर्धंच जाहीर करून कसं चालेल?

दूल्हाभाई यावरही गप्प होते. ते हलले एका अगदी रोकड्या कारणानं. महाराष्ट्रात विवाहाची नोंदणी करताना निकाहनाम्याबरोबर लग्नपत्रिकाही मागतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. नवरीचं नावच नसलेली पत्रिका तिथं काय कामाची? आमच्या ओळखीतल्या एका मुलीला याच कारणावरून दोन हेलपाटे पडले होते. हे ऐकल्यावर दूल्हाभाईंनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं, लिहा नाव. पण नीट लिहा."

नीट म्हणजे आधारकार्डावर आहे तसं. एकच नाव पत्रिकेत एका तऱ्हेनं, निकाहनाम्यात दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्या तऱ्हेनं असलं की त्रास मुलीलाच होतो. कोकणातल्या ज्या मुली लग्नानंतर नवऱ्यापाठोपाठ आखातात जातात, त्यांना हे सांगायला नको.

मग भाषेचा विषय निघाला. उर्दू काढून टाका, असं मी म्हणणार नाही. नस्तालीकची शोभा वेगळीच असते. मराठवाड्यातल्या वाचकांना हैदराबादचा छत्ता बाजार ठाऊक असेल. चारमिनारच्या परिसरातला हा बाजार लग्नपत्रिकांच्या छपाईसाठी आणि कातिबांसाठी नावाजलेला. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आजही कित्येक घरांची पाऊलवाट तिकडे वळते. एके काळी कातिब बोरूनं सगळा मजकूर लिहीत. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हा संगणकाचा टाइप आला आणि हळूहळू ते काम यंत्राकडे गेलं. तरी नवरा-नवरीची नावं तेवढी कातिबाच्या हातची लिहून घ्यावीत आणि बाकी मजकूर टाइपात ठेवावा, असं मला वाटतं. खर्च दोनच ओळींचा होतो आणि ती अक्षरं दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेवर नसतात.

पण घरात बोलतो, भांडतो, हिशेब ठेवतो त्या मराठीला पत्रिकेत पाठची बाजू का? आम्ही एका बाजूला उर्दू आणि दुसऱ्या बाजूला मराठी अशी एकच पत्रिका केली. शेजारच्यांसाठी वेगळी मराठी पत्रिका छापतात, ते मला पटत नाही. मराठी वाचणारे आपल्याच घरात जास्त आहेत. मात्र मराठी मजकूर प्रेसवर सोडू नका. आमच्या प्रेसवाल्यानं कलश आणि सनईची चौकट तशीच ठेवून आत निकाहचा मजकूर बसवला होता, वर 'चि. सौ. कां.' ठोकलं होतं. बिचाऱ्याकडे तोच साचा. आम्ही मग घरी बसून साधं लिहिलं: आमची मुलगी अमुक हिचा निकाह अमुक यांच्याशी, इंशाअल्लाह, अमुक दिवशी होणार आहे, आपण घरच्यांसह यावं आणि दोघांसाठी दुआ करावी. खाली निमंत्रक म्हणून आई आणि वडील, दोघांची नावं. सर्वांत वर दादीचं. दादी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. तिनं ती बाजू स्वतः वाचली, आणि मग नावाच्या बाबतीत काही बोलली नाही.

वेळ लिहिताना आपण 'बाद नमाज-ए-असर' लिहून मोकळे होतो. असर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळ्या वेळी असते, आणि भाचीच्या शाळेतल्या बाईंना ती कशी कळणार? कंसात घड्याळाची वेळ द्यावी. इस्लामी तारखेचंही तसंच. चंद्र एकोणतिसाव्याला दिसेल की महिना तीसचा होईल हे दोन महिने आधी कुणाला ठाऊक? त्यात आपली तारीख मगरिबला बदलते, म्हणजे शनिवारी ईशानंतरचा निकाह इस्लामी हिशेबानं पुढच्या दिवसाचा. म्हणून हिजरी महिना आणि साल तेवढं छापावं, तारीख इंग्रजी द्यावी.

बिस्मिल्लाहबद्दल दादीशी बोलूनच ठरवलं. अरबी आयत छापायची नाही. बहुतेक पत्रिकांवर सूरह रूममधली एकविसावी आयत असते, जोडीदारांमधल्या प्रेमाची आणि दयेची. फार सुंदर आयत आहे, पण ती पाकिटासह रद्दीत जाते. काही मशिदींच्या आवारात अशा कागदांसाठी पेटी असते, तिथपर्यंत किती पत्रिका पोचतात? आम्ही आयत छापली नाही. तिचा मराठी अर्थ निकाहच्या दिवशी मांडवात मोठ्या अक्षरांत लावायचा, आणि नंतर तो फलक जोडप्यानं घरी न्यायचा, असं ठरलं.

आता पत्रिका दिसायला कशी, तर पेटीतली, लेझरनं कोरलेली, आत सुका मेवा असलेली पत्रिका आम्ही बघितली. अशा पत्रिकेत पैसा कागदावर जात नाही, फॉइल, कटिंग आणि पेटीवर जातो. फॉइलसाठी आधी ठसा करावा लागतो. शंभर पत्रिका छापा की पाचशे, ठशाचा खर्च तोच. त्यामुळे थोड्या पत्रिकांना तो फारच महाग पडतो. शंभरच्या आत हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी, जास्त असतील तर ऑफसेट. भाचीच्या धाकट्या बहिणीला मेंदीचा हात चांगला आहे. तिनं पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं एक वेल काढली, ती स्कॅन करून एकाच रंगात, मेंदीच्याच तपकिरी रंगात, छापली. पत्रिका हातात घेणारा प्रत्येकजण आधी वेलीबद्दल विचारत होता.

निकाह शव्वालमध्ये, पत्रिका वाटायच्या शाबानमध्ये, मध्ये रमजान आणि ईद. यातून पाकिटाची कल्पना सुचली. पत्रिकेचं पाकीट कोरं ठेवलं, फक्त कोपऱ्यात वेलीचं एक पान. नावगाव लिहायला वरून कागदाची पट्टी गुंडाळली. पट्टी काढली की ते ईदीचं पाकीट. पाचशेची नोट १५० मिलीमीटर लांब आणि ६६ मिलीमीटर रुंद असते, तेव्हा आतून १७ बाय ८ सेंटिमीटरचं पाकीट पुरतं. पत्रिका त्या मापानं लांबट, तीन घड्यांची केली. ईदला आमच्याच पोरांना तीच पाकिटं तीन घरांतून परत मिळाली!

आत एक नकाशाही होता. क्यूआर कोड द्यायला हरकत नाही, पण आमच्या गावच्या खोऱ्यात शिरलं की मोबाइलला रेंज नसते. म्हणून हातानं काढलेला नकाशा: महामार्गावरचा फाटा, शाळा, पूल, पुलानंतर मशिदीचा मिनार, मिनाराच्या डावीकडे आमचं घर.

एका गोष्टीवर मात्र मी भांडले. मुलाकडून सुचवलं होतं की मोठ्या लोकांसाठी पंचवीस-तीस भारी पत्रिका वेगळ्या कराव्यात. श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळलेल्या वलीम्याबद्दल हदीसमध्ये किती कडक शब्द आहेत, हे आपण ऐकत आलोय. बोलावलं सगळ्यांना, पण काहींना सोन्याच्या अक्षरांनी आणि काहींना साध्या, तर गावात ते दोन दिवसांत कळतं. कातकरी वाडीवरचे जे गडी आमच्या शेतावर येतात त्यांनाही हीच वेलीची पत्रिका गेली.

वाचलेल्या पैशांतून एक कापडी फाइल शिवून घेतली. त्यात निकाहनामा, मेहर दिल्याची पावती, पत्रिकेच्या दोन प्रती आणि फोटो ठेवायला कप्पे. फाइल नवरीच्या ताब्यात. निकाहनामा लॅमिनेट करू नका, परदेशी जायचं झालं तर त्यावर शिक्के घ्यावे लागतात आणि प्लास्टिकवर ते घेता येत नाहीत.

शेवटचं प्रूफ ज्या दोघांचा निकाह आहे त्यांच्याच हातात द्या. आमच्या दुसऱ्या प्रुफात भाचीचं नाव आलं, पण उर्दू बाजूला त्यातला एक नुक्ता गळालेला. तो तिनंच पकडला, बोट ठेवून वाचता वाचता. तिसरं प्रूफ येईपर्यंत शाबान अर्धा सरला होता आणि प्रेसवर रमजानपूर्वीची गर्दी उसळली होती. शव्वालमधला निकाह असेल तर मजकूर रजबमध्येच देऊन टाका.