शेअर आपल्या नावावर, मत कोणाचे?

मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्या कंपनीला ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. जालन्यात आता मास्तरांपासून मोंढ्यातल्या दुकानदारापर्यंत कितीतरी जणांकडे डीमॅट खाते आहे. शेअरचा भाव सगळे रोज बघतात. मतदानाचा ई-मेल मात्र न उघडताच डिलीट होतो.

त्या मताची किंमत कळायला रेमंडचे २०१७ चे प्रकरण पुरे. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय रत्नागिरीचे, वाद मुंबईतल्या जेके हाऊसचा. २००७ च्या करारानुसार तिथले फ्लॅट सिंघानिया कुटुंबीयांना चौरस फुटाला नऊ हजारांच्या आसपास भावाने द्यायचे, असा ठराव सभेपुढे आला. त्या भागातला बाजारभाव लाखाच्या घरात! मधला फरक जाणार कोणाच्या खिशातून? कंपनीच्या, म्हणजे सगळ्याच भागधारकांच्या. जूनमध्ये मतदान झाले आणि ९७ टक्क्यांहून जास्त मते विरोधात पडली.

प्रवर्तक कुटुंबाचा हिस्सा मोठा होता, तरी असे झाले. कारण कंपनीचा व्यवहार घरच्याच माणसांशी असेल, तर सेबीच्या नियमाप्रमाणे त्यांना ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. तिथे बाकीच्यांचेच चालते.

एरवी हिशेब वेगळा. आपल्या शिक्षक पतसंस्थेत किंवा अंबडच्या समर्थ साखर कारखान्यात शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. कंपनीत दहा शेअरवाल्याला दहा मते, लाखवाल्याला लाख. म्हणून लोक म्हणतात, "आपल्या दहा मतांनी काय होतंय, सर?" हे अर्धेच खरे. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते लागतात, म्हणजे पडलेल्या मतांपैकी पावहून जास्त विरोधात गेली की तो पडतो.

एसआयपीवाल्यांचे मत फंड देतो. एप्रिल २०२२ पासून फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणे आणि कारण जाहीर करणे सक्तीचे आहे. तो तक्ता फंडाच्या वेबसाइटवर असतो, बघतो कोण? शरिया फंड घेणारे आपले लोकही कंपनी दारू विकते का, व्याजावर किती चालते एवढेच विचारतात. चालवणारे कसे वागतात, हे त्या चाळणीत येतच नाही.

ई-मतदान किमान तीन दिवस सुरू असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. एनएसडीएल किंवा सीडीएसएलवर लॉगिन करून मोबाईलवरही मत देता येते. नोटीस मोठी असते, सगळी वाचायची गरज नाही. घरच्यांशी व्यवहार, व्यवस्थापकीय संचालकाचा पगार आणि स्वतंत्र संचालकाची नेमणूक, हे तीन ठराव आधी शोधा.