अर्थभेद चालेल, पंक्तिभेद नको

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या दोन भावांचे एकमत असतेच असे नाही. थोरला म्हणतो, चकली कडक झाली. धाकटा म्हणतो, अशीच हवी. वाद रंगतो, पण ताटे शेजारी-शेजारीच राहतात. ज्या दिवशी धाकटा आपले ताट उचलून माजघरात जातो, त्या दिवशी मात्र आई डोळ्यांना पदर लावते. वाद तिला चालतो; उठलेले ताट चालत नाही. बायबलच्या अर्थावरून भांडणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना आमचे सांगणे एवढेच आहे.

अर्थाविषयी मतभेद व्हावेत, यात नवल नाही. येशूचे चरित्रच मुळी चौघांनी सांगितलेले, आणि चौघांचे तपशील तंतोतंत जुळत नाहीत. दुसऱ्या शतकात ताशियन नावाच्या विद्वानाने चार शुभवर्तमानांचे एक करून पाहिले. सिरियाकडच्या मंडळ्यांनी ते पुष्कळ काळ वापरलेही. पण अखेर चर्चने चारच ठेवली. ज्यांच्या शास्त्राच्या उंबरठ्यावरच चार साक्षीदार उभे, त्यांनी पाचव्याचे बोलणे निघताच कानांत बोटे घालावीत, हे शोभते काय?

आणि तरीही तसे घडले. १५२९ च्या ऑक्टोबरात हेस प्रांताच्या फिलिपने मारबुर्गच्या आपल्या वाड्यात ल्यूथर व झ्विंग्ली या दोन धर्मसुधारकांना समोरासमोर बसविले. वाद प्रभुभोजनाचा. येशूने भाकरीला आपले शरीर म्हटले, त्या वाक्यातील ‘आहे’ या क्रियापदाचा अर्थ काय? ल्यूथर म्हणे, आहे म्हणजे आहे; झ्विंग्ली म्हणे, आहे म्हणजे दर्शविते. ल्यूथरने ते वाक्य खडूने मेजावरच लिहून ठेवले होते! पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले, पंधराव्याचाही बराच भाग जुळला. उरला एक मुद्दा. झ्विंग्लीने बंधुत्वाचा हात पुढे केला; ल्यूथरने तो घेतला नाही. ज्या भोजनाने सर्वांना एक करावयाचे, त्याच्याच अर्थावरून पंगत मोडली. दोनच वर्षांनी काप्पेलच्या लढाईत झ्विंग्ली मारला गेला, आणि तो हात कायमचा तसाच राहिला.

कोणी म्हणेल, “मग सत्याला काही किंमतच नाही? सगळेच अर्थ खरे मानायचे की काय?” मुळीच नाही. चूक ती चूक, आणि ती तोंडावर सांगावी. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांदेखत खडसावले, हे पौलानेच गलतीकरांच्या पत्रात लिहून ठेवले आहे. पण खडसावले कशासाठी, हे पाहावे. आधी पेत्र परजातीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही माणसे आली, तेव्हा त्यांच्या धाकाने तो पंगतीतून उठला, म्हणून! तोच पौल रोमकरांना बजावतो की, सर्व काही खाणाऱ्याने भाजीपाला खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, आणि त्यानेही खाणाऱ्याला दोष लावू नये. पत्रे वाचणारे पुष्कळ. हे ध्यानात ठेवणारे थोडे.

हा प्रश्न परदेशाचाच आहे असेही नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारू लागल्या. मठातील सिस्टर जेराल्डिन यांचा त्यांच्यावर जीव होता. पण त्यांना या प्रश्नांत अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र पत्रामागून पत्र लिहून शंकेला शंका मानले आणि उत्तरे दिली. पुढे रमाबाईंची श्रद्धा अधिक रूढ वळणावर आली, हे खरे. म्हणून जेराल्डिनबाईंचा धाक बरोबर होता असे कोणी म्हणू नये. ती वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी चालून गाठली. नुसते ‘होय’ म्हणणारी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणण्याच्या खटपटीत पडली असती काय? १९२२ मध्ये त्या वारल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारणारीनेच शास्त्राची एवढी सेवा केली.

मारबुर्गची मोडलेली पंगत पुन्हा बसली ती १९७३ मध्ये. स्वित्झर्लंडात लॉयनबर्ग येथे ल्यूथरपंथी व सुधारितपंथी मंडळ्यांनी एकमेकांना प्रभुभोजनात सामील करून घेण्याचा करार केला. ‘आहे’चा अर्थ तेव्हाही सर्वांना अगदी सारखा लागला होता असे नाही, तो लागेपर्यंत थांबायचे नाही, एवढे ठरले. एवढ्यासाठी चारशे चव्वेचाळीस वर्षे!

तेव्हा शास्त्री-पंडितांनो, खुशाल वाद घाला, व्याकरण काढा, आवाजही चढवा. फक्त ताट उचलू नका.